सूरपाटीचा मान

कोगनोळी, ७ नोव्हेंबर १९३७

भरमू,

शाळा सुटून सहा वर्षे झाली. एवढ्या काळात तुझी दोन कार्डे आली, माझे एक गेले. तरी हे पत्र तुलाच लिहितो, कारण मला जे विचारायचे आहे ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही. बेळगावच्या शाळेत आपण आट्यापाट्या खेळलो. म्हणजे तू खेळलास आणि मी कागदावर लोण मांडत बसलो.

तीन वर्षांपूर्वी मी इथे आट्यापाट्या मंडळ काढले. मीच चिटणीस. तळ्याच्या वरच्या अंगाला गायरानात जागा मिळाली. पाऊस संपला की माती मऊ असते तेव्हा वीतभर रुंदीच्या पाट्या खणतो आणि कडा चोपून घेतो. परवा नवे मास्तर बघायला आले होते. त्यांना सांगितले, आठ पाट्या आडव्या, मधून एक उभी, ती सूरपाटी. प्रत्येक पाटीवर एकजण उभा. त्याने पाटी सोडायची नाही. पळणाऱ्यांनी त्यांचा हात चुकवून पलीकडे जायचे आणि परत यायचे. परत आला की एक लोण. शिवला की बाद. सूरवाला मात्र उभ्या पाटीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू शकतो, म्हणून सगळा खेळ त्याच्यावर. मास्तर म्हणाले, "छान. आणि चेंडू?"

मंडळात नावे तेवीस आहेत. संध्याकाळी येतात चार. चौघांत आट्यापाट्या होत नाहीत.

कारण मला माहीत आहे. आम्हा जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होते. त्यामुळे आमची पोरे पाचला येतात आणि साडेपाचला उठतात. बाकीच्यांची जनावरे दिवस मावळता मावळता घरी येतात, मग ते येतात. एकाच मैदानावर दोन मंडळे असल्यासारखे झाले आहे आणि त्यांची भेट होत नाही. मी शाळेच्या भिंतीवर वेळ लिहून लावली. खेळानंतर फुटाणे आणि गूळ ठेवला. लोक गूळ खाऊन गेले. घरोघर जाऊन बोलावले, तर म्हणतात, "येतो की. तू हो पुढं."

पंचांनी सांगितले आहे की शिमग्यापर्यंत तिथे माणसे दिसली नाहीत तर ती जागा तंबाखू वाळवायला द्यायची. आमचा थोरला भाऊ, रायाप्पाण्णा, पंचांत आहे. तोही तेच म्हणतो.

तुला काही सुचते का?

तवनाप्पा मगदूम

*

गुंजी, १५ नोव्हेंबर १९३७

तवनाप्पा,

पत्र मिळाले. मी इथल्या स्टेशनावर तारबाबू आहे. दिवसातून थोड्या गाड्या जातात, उरलेला वेळ जंगल बघत बसायचे. लाईनवरच्या गँगचे लोक संध्याकाळी मोकळे असतात. त्यांना घेऊन मीही पाट्या आखल्या आहेत, पण ते वेळ घालवण्यापुरते.

तू लोकांना बोलावतोस, तिथेच चुकतोस. बोलावलेला माणूस पाहुणा असतो. तो आला तर उपकार करतो.

आमच्या अनगोळच्या जत्रेत कुणी कुणाला बोलावत नाही. पालखीचा पुढचा दांडा एका घरचा, मागचा दुसऱ्या घरचा, दिवटी तिसऱ्या घरची. आमच्या शेजारच्या मालुबाईच्या घराला पालखीपुढे पाणी शिंपडायचा मान आहे. बाकी काही नाही. गेल्या वर्षी ती तापाने पडून होती. उठून आली, पाणी शिंपडले आणि परत जाऊन पडली. मी म्हटले, "मावशी, दुसऱ्या कुणी शिंपडलं असतं की." तर म्हणाली, "तेच व्हायला नगं म्हणून आलो."

पाट्या माणसांना देऊ नकोस. घरांना दे. नारळ, विडा, सगळे रीतसर. मग बघ.

हे मी थोडे गमतीने लिहितो आहे. पण करून बघायला हरकत नाही.

भरमू

*

कोगनोळी, २ जानेवारी १९३८

भरमू,

तू गमतीने लिहिलेस, मी तसे केले.

पौर्णिमेला मैदानावर नारळ फोडला आणि नऊ पाट्या नऊ घरांना विड्यासह दिल्या. कोणती पाटी कुणाला यावर दोन तास बोलणी झाली. पहिली पाटलांच्या घरी गेली. तिसरी आण्णाप्पाकाकांकडे, चौथी परशराम आणि त्याच्या भावाच्या घरी, पाचवी जयाबाईंकडे. जयाबाईंच्या घरी पुरुषमाणूस नाही. त्यांनी कागलहून जावयाला बोलावून घेतले. तो रोज पाटीवर उभा राहायला सायकलने येतो. सूरपाटी आमच्या घराकडे आली. सगळ्यांचेच तसे म्हणणे पडले. तिच्यावर रायाप्पाण्णा उभा राहतो.

त्या दिवसापासून एकही पाटी मोकळी राहिलेली नाही. वेळेचा प्रश्न त्यांनीच सोडवला. आमच्या जैन घरांतले लोक भाकरी बांधून मैदानावर आणतात आणि दिवस असतानाच बांधावर बसून जेवतात. बाकीचे जनावरे लवकर सोडवून आणतात. ज्याची पाटी, त्यानेच तिची निगा राखायची. आण्णाप्पाकाका सकाळी येऊन आपली पाटी झाडतात. जयाबाई आपल्या पाटीच्या दोन्ही टोकांना रांगोळी घालतात. ती खेळताना पुसते, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा घालतात. पंच आता जागेचे नाव काढत नाहीत. त्यांच्यातल्या चौघांच्या पाट्या आहेत.

पळायला कुणालाही मुभा आहे. उभे राहायला घर लागते. पळणाऱ्यांत शामू शिंपी आहे, आणि वखारीत हमाली करणारा मष्णू म्हणून एकजण आहे. मष्णू तुमच्या खानापूरकडचा. वखारीच्या मागे पडवीत राहतो. त्याला मी परवा आठही पाट्या ओलांडून परत येताना पाहिले, तेव्हा मला तुझी आठवण झाली. तो वेगाने धावत नाही. समोरचा कुठे जाणार हे त्याला आधी कळते.

एक दिवस रायाप्पाण्णा यायला उशीर झाला. तेवढ्यात मष्णू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अण्णा, एकडाव सूरवर हुबा ऱ्हाऊ? ते येस्तवर." मी म्हटले, विचारून सांगतो.

मंडळ जगले. हे तुझ्यामुळे झाले, म्हणून मुद्दाम कळवतो.

तवनाप्पा

*

गुंजी, १२ जानेवारी १९३८

तवनाप्पा,

आनंद वाटला. आश्चर्यही वाटले.

रायाप्पाण्णांचा गुडघा कसा आहे? शाळेत तुला भेटायला यायचे तेव्हा वसतिगृहाच्या पायऱ्या चढताना त्यांना बसावे लागायचे. सूरपाटीवर माणूस उभा राहत नाही, धावतो.

मष्णू पळणाऱ्याच्या पायांकडे बघतो की खांद्यांकडे? एवढे कळव.

पुढच्या हिवाळ्यात आपण एक सामना खेळू. तुमची नऊ घरे आणि आमची गँग. तुझ्या मंडळाला काहीतरी समोर असू दे.

भरमू

*

कोगनोळी, १८ सप्टेंबर १९३८

भरमू,

आठ महिन्यांनी लिहितो. तंबाखूची कापणी, मग लग्ने, मग पेरण्या, आणि आता लावणी आटपली. मंडळ चालू आहे. पाऊस पडत असतानाही लोक आपापली पाटी बघून जातात.

काही गोष्टी घडल्या, त्या जशा घडल्या तशा लिहितो.

परशराम आणि त्याचा भाऊ चैत्रात वेगळे झाले. जमीन, विहीर, गोठा वाटून झाल्यावर चौथ्या पाटीचा प्रश्न निघाला. पंच बसले. आता सूरपाटीच्या अलीकडची अर्धी पाटी परशरामाची आहे आणि पलीकडची त्याच्या भावाची. दोघे एकाच पाटीवर उभे राहतात. एकमेकांपासून तोंड वळवून. दोघांच्या मधून एक म्हैस जाईल एवढी जागा राहते. पळणारे तिथूनच जातात. दोघांपैकी कुणीही हात पुढे करत नाही, कारण ती जागा नक्की कुणाची हे ठरलेले नाही.

आण्णाप्पाकाकांचे वय साठ. मी म्हटले, पुतण्याला उभे करा. ते म्हणाले, "माझ्या जित्तेपणी?" ते काठी घेऊन उभे राहतात.

जयाबाईंच्या धाकट्या मुलीला बोरगावचे स्थळ आले तेव्हा मध्यस्थाने सांगितले, "घर चांगलं हाय. पाचवी पाटी त्यांची." लग्न ठरले.

रायाप्पाण्णाचा गुडघा तसाच आहे. तो सूरपाटीच्या मधोमध उभा राहतो. त्याच्या बाजूने कुणी पळत गेले तर तो तिकडे बघतो. पळणारेही त्याच्यापासून दूर राहतात. शिवून घेणे बरे दिसत नाही आणि चुकवणेही बरे दिसत नाही.

उपस्थिती पूर्ण आहे. एक दिवसही कमी नाही. खेळ काय होतो ते तुला वरून कळेल.

मष्णू शिमग्यानंतर गेला. कुणाला सांगून गेला नाही. त्याला सूरवर उभे राहायचे होते ते राहूनच गेले. मी विचारून सांगतो म्हटले होते. मी कुणाला विचारले नाही. तुमच्या भागातला आहे, कुठे दिसला तर कळव.

सामन्याचे लिहिले होतेस. डिसेंबरात जमेल का?

तवनाप्पा

*

गुंजी, ४ ऑक्टोबर १९३८

तवनाप्पा,

पाटी वाटून घेतली हे मी इथे वाचून दाखवले. गँगचा मुकादम इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. मग डोळे पुसत म्हणाला, आमच्यातही वाटली असती.

सामना ११ डिसेंबरला, रविवारी ठेवू. आम्ही आदल्या दिवशी गाडीने बेळगावला येऊ, रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने कोगनोळी. नऊजण असू. प्रत्येक बाजूने दोनदा उभे राहायचे, दोनदा पळायचे. नियमाने एका पाटीवर एकच माणूस. परशरामाचे काय ते बघून घे.

आणि सामन्यापुरती तरी माणसे बघून निवड. तुझ्याकडे तेवीस नावे आहेत, त्यांत नऊ खेळणारे निघतील. शामू शिंपी कसा आहे?

थंडी सुरू झाली. इथे सकाळी रूळ ओले असतात.

भरमू

*

कोगनोळी, २० नोव्हेंबर १९३८

भरमू,

काल सभा झाली. सामन्यासाठी नऊ माणसे निवडावीत, घरे बघू नयेत, असे मी मांडले. पुढचे जसे बोलणे झाले तसे लिहितो.

आण्णाप्पाकाका म्हणाले, "म्हंजे माझ्या पाटीवर कोण?"

मी म्हटले, "शामू. त्या दिवसापुरता."

"शामू व्हय? शामूचा अंगरखा मला बसत न्हाय, माझी पाटी त्याला बसंल?" सगळे हसले. शामूही हसला.

परशराम म्हणाला, "आमच्यातला एकच हुबा ऱ्हाणार आसंल तर मीच. थोरला हाय मी." त्याचा भाऊ म्हणाला, "मग माझ्या आर्ध्यात पाय टाकायचा न्हाय." यावर अर्धा तास गेला.

मी म्हटले, "हरू की आपण."

पाटील म्हणाले, "हरू की. पाटी आमची, हार बी आमची. भायेरनं माणूस आणून जिकलं तर जिकलं कोण?"

मग रायाप्पाण्णा पुढे सरकला. तो म्हणाला, "तवन्या, सूर मला कुणी दिला?"

मी वहीकडे बघितले.

"तूच दिलास न्हवं? मी मागितला हुता?"

"न्हाय."

"मग काढून घ्यायचा तर सरळ म्हण. हितं समद्यांच्या म्होरं म्हण."

मी म्हटले नाही. आण्णाप्पाकाका "साकु, साकु" म्हणाले. वाद पुरे करायचा असला की ते कन्नडात बोलतात. सभा उठली. नऊही घरे उभी राहणार. चौथ्या पाटीवर परशराम, पण तो आपल्याच अर्ध्यात उभा राहणार.

मी तुला जानेवारीत लिहिले होते की सूरपाटी आमच्याकडे यावी असे सगळ्यांचे म्हणणे पडले. ते खरे नाही. कुणीच काही म्हणाले नव्हते. मोठी पाटी थोरल्याला दिली तर पंच जागा सोडणार नाहीत, असा हिशेब मी केला. हिशेब बरोबर आला.

मला हा सामना हरायचा नाही. सगळ्या गावात असे वाटणारा मी एकटाच आहे, आणि मला खेळता येत नाही.

तुमची नावे कळव. सूर कोण?

तवनाप्पा

*

गुंजी, २९ नोव्हेंबर १९३८

तवनाप्पा,

आमचा सूर मष्णू आहे.

तो मार्चमध्ये इथे आला. वखारीत तू कधीतरी माझे नाव काढले होतेस, गुंजीला एकजण चांगला खेळतो म्हणून. तेवढ्यावर आला. गँगमध्ये जागा होती, मुकादमाने लावून घेतला. सप्टेंबरात तू विचारलेस तेव्हा तो माझ्या खोलीच्या बाहेर बसून जेवत होता. मी उत्तरात लिहिले नाही.

लिहिले असते तर तू त्याला परत बोलावले असतेस, असे मला वाटले. आता तुझे पत्र वाचून वाटते, कदाचित बोलावले नसतेस. दोन्ही बाजूंनी मी लपवायला नको होते. मी इथे सहा वर्षे आहे. संध्याकाळचे दोन तास मनासारखे जातात ते गेल्या आठ महिन्यांत. ते सोडायची माझी तयारी नव्हती, एवढेच.

तो खांद्यांकडे बघतो. तू कळवले नव्हतेस.

त्याच्यासमोर रायाप्पाण्णांना पळावे लागेल, आणि सगळे गाव बघत असेल. तू म्हणशील तर त्याला आणत नाही. मी सूरवर उभा राहीन. जे असेल ते लगेच कळव.

भरमू

*

कोगनोळी, ३ डिसेंबर १९३८

भरमू,

त्याला आण.

रायाप्पाण्णाला मी सांगितले आहे. तो म्हणाला, बघू.

तवनाप्पा

*

गुंजी, ८ डिसेंबर १९३८

तवनाप्पा,

मला रजा मिळाली नाही. दुसरा तारबाबू आजारी आहे. माझ्या जागी गँगमधला एकजण खेळेल. सगळ्यांना घेऊन मुकादम येतो आहे. जे होईल ते सविस्तर लिही. मुकादमाला सांगता येत नाही, तो फक्त हसतो.

भरमू

*

कोगनोळी, १३ डिसेंबर १९३८

भरमू,

सविस्तर लिहितो.

लोक इतके आले की तळ्याच्या बांधावर बसायला जागा नव्हती. निपाणीहून दोन बैलगाड्या आल्या. जयाबाईंनी सगळ्या पाट्यांना रांगोळी घातली होती, केवळ स्वतःच्याच पाटीला नव्हे.

आधी आमची घरे उभी राहिली. तुमच्या लोकांनी सात लोण केले. पाटलांनी एकाला शिवले. चौथ्या पाटीच्या मोकळ्या अर्ध्यावरून तुमचे लोक बाजाराला निघाल्यासारखे गेले. प्रत्येकजण गेला की परशरामाचा भाऊ बांधावरून ओरडे, "माझ्यातनं गेला! तुझ्यातनं न्हाय!"

मष्णू सर्वांत शेवटी पळाला. सूरपाटीशी आला तेव्हा त्याच्यात आणि रायाप्पाण्णात चार हातांचे अंतर होते. तो थांबला. त्याला कुठूनही जाता आले असते. त्याने खाली मान घातली आणि हळू बाजूने निघाला. रायाप्पाण्णा म्हणाला, "पळ रं. असा जाऊ नकोस." तेव्हा तो पळाला. रायाप्पाण्णा त्याच्यामागे धावला. मी त्याला धावताना लहानपणानंतर पाहिले नव्हते. पाच-सहा पावले धावला आणि गुडघ्यावर बसला. मष्णू लोण घेऊन परत आला.

मग तुमचे लोक उभे राहिले. आमच्या नवांपैकी दुसऱ्या पाटीच्या पुढे कुणी गेले नाही. मष्णू सूरपाटीवर काय करतो ते तू रोज बघतोस, तुला सांगायला नको. बांधावर बसलेले लोक उभे राहून बघत होते. ते आमची हार बघत नव्हते. एक वर्ष आपण काय करत होतो ते त्यांना तेव्हा कळले असावे. निदान मला कळले.

दुसऱ्या डावाला आमची घरे पुन्हा उभी राहायला निघाली. रायाप्पाण्णा पाटीवर गेला नाही. त्याने घरून पान-सुपारी आणि नारळ आणला होता. कुणाला सांगितले नव्हते. मलाही नाही. मैदानाच्या मधोमध त्याने मष्णूला बोलावले, विडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "आजपास्नं सूर तुझ्या घरचा." मष्णूने इकडेतिकडे बघितले. मग विडा कपाळाला लावला आणि घेतला.

दुसरा डाव झाला नाही. लोक जेवायला बसले. तुमची माणसे चारच्या मोटारीने गेली.

आता सूरपाटी मष्णूची आहे. गावाने मान्य केले, कारण देणारा रायाप्पाण्णा होता. पण गावात मष्णूचे घर नाही. वखारीत हमालीपेक्षा बरे काम मी बघून दिले आहे, तोलाईचे. आमच्या परड्यातली खोली रिकामी करून ठेवली आहे. त्याला सांग, ये. तुझे दोन तास जातील हे मला कळते. तरी सांग.

तवनाप्पा

*

गुंजी, ५ जानेवारी १९३९

तवनाप्पा,

तुझे पत्र मी त्याला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा तो ऐकून कामावर गेला. मी तीन दिवस थांबलो आणि पुन्हा वाचले. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहितो. माझे त्यात काही नाही. तो राहावा असे मला वाटते, म्हणून उलट मी त्याला जायलाच सांगितले होते.

म्हणाला, "विडा दिला, म्हून घेतला. चार माणसांत न्हाय कसं म्हणायचं. थोरल्या अण्णांचं मन मोठं, ते सांगा."

मी म्हटले, "मग जा की. खोली देतायत, काम देतायत."

"खोली कशाला? मी एकडाव हुबा ऱ्हातो म्हणालतो. एकडाव. तेवढं दिलं आसतं तर लई झालं आसतं. आता पाटी दिल्या. पाटी घिऊन काय करू? मी मेल्यावर तितं कोण हुबं ऱ्हाणार म्हून आतापास्नं काळजी करू?"

मी म्हटले, "मग नाही म्हणून कळवू?"

त्याने तुझे पत्र हातात घेऊन उलटसुलट बघितले. मग म्हणाला, "न्हाय नगा कळवू. पाटी माझी हाय न्हवं? मालक मी?"

"हो."

"मग मालक म्हून सांगतो. ज्याला यील त्यानं हुबं ऱ्हावं. त्याच्याम्होरं त्याच्यापरास चांगला आला तर त्यानं सरावं. घर इचारू नगा. माझ्या पाटीवर एवढं ऐका. बाकीच्या पाट्या ज्याच्या त्याच्या, त्यात माझं काय न्हाय."

हे लिहून घ्या म्हणाला. लिहिले. खाली अंगठा उठवून दिला आहे.

भरमू

*

कोगनोळी, २२ जानेवारी १९३९

भरमू,

कागद मी सभेत वाचला. अंगठा सगळ्यांना दाखवला. आण्णाप्पाकाकांनी तो उजेडात धरून बघितला.

पाटील म्हणाले, "घर इचारू नगा म्हंजे काय?" मी म्हटले, मालकाचा शब्द आहे. मालकाच्या पाटीवर मालकाचे चालते, हे त्यांनीच वर्षभर सांगितले होते. ठराव झाला.

पण उभे कुणी राहिना. शामूला म्हटले, तर तो म्हणाला, "ज्याला यील त्यानं, आसं लिवलंय. मला येतंय आसं मीच कसं म्हणू?" प्रत्येकाचे तेच. ठरावानंतरही तीन दिवस सूरपाटी मोकळीच होती. पळणारे तिच्यापाशी येऊन थांबत, दोन्हीकडे बघत आणि मग ओलांडत. तिथे कुणी नाही हे त्यांच्या पायांना पटत नव्हते.

चौथ्या दिवशी रायाप्पाण्णा बांधावर बसला होता. मी शेजारी वही घेऊन उभा होतो. तो म्हणाला, "तू ऱ्हा की हुबा."

मी म्हटले, "मला येत न्हाय, अण्णा."

"मला तरी कुटं येत हुतं."

मी वही त्याच्या मांडीवर ठेवली आणि गेलो. माझ्या बाजूने पाचजण गेले. कुणी थांबले नाही, कुणी खाली मान घातली नाही. एक पोर माझ्या काखेखालून गेले आणि बायका हसल्या. मी खांद्यांकडे बघायचा प्रयत्न केला. खांदे फार लवकर निघून जातात.

आण्णाप्पाकाका हे आपल्या पाटीवरून बघत होते. ते म्हणाले, "ह्यो कसा हुबा ऱ्हातोय बघूच." पाटी मोकळी सोडून ते मैदानाबाहेर गेले आणि पळणाऱ्यांच्या बाजूने आत आले. काठी टेकत, चालत. पहिल्या दोन पाट्यांवर त्यांना कुणी हात लावला नाही. तिसरी त्यांचीच, मोकळी. ती ओलांडून ते माझ्या टप्प्यात आले. मी धावलो आणि त्यांच्या खांद्याला शिवलो.

बाद म्हणायचे काम माझे होते, वही रायाप्पाण्णाकडे होती, आणि आम्ही दोघेही बोललो नाही. आण्णाप्पाकाकांनी माझ्याकडे बघितले, पाटलांकडे बघितले.

"बाद," ते म्हणाले. "शिवलं की त्यानं. दिसत न्हाय काय?"

ते बांधावर जाऊन रायाप्पाण्णाशेजारी बसले. तिसरी पाटी मोकळीच होती. थोड्या वेळाने शामू तिच्यावर जाऊन उभा राहिला. त्याने आण्णाप्पाकाकांकडे बघितले. ते काठीने चपलेची माती काढत होते.

मग पुढचा पळणारा आत आला.

तवनाप्पा